४० मीटरचा ट्रान्समीटर: आधी फिल्टर

४० मीटर बँडच्या, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या, छोट्या मोर्स ट्रान्समीटरमध्ये खरी मेहनत आउटपुट फिल्टरवर घ्या. तो नसेल तर ७ मेगाहर्ट्झसोबत १४ आणि २१ वरही सिग्नल सुटतो. टी३७-६ हे पिवळे टोरॉइड (तार गुंडाळायच्या छोट्या कड्या) तीन लागतात: कडेच्या दोघांवर २१ वेढे, मधल्यावर २४. कपॅसिटर टोकांना २७० पिकोफॅरडचे, आत दोन ६८० चे. तार भोकातून गेली की एक वेढा. इथेच मोजणी चुकते. तारेवरचं इनॅमल नीट खरवडा, नाहीतर सोल्डर वरवर बसतं आणि पॉवर येत नाही.

ऑसिलेटर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी तयार करणारा भाग, क्रिस्टलचाच बरा. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे गेला की कॉइल-कपॅसिटरवाला फ्रिक्वेन्सीवरून सरकत राहतो. चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर), पण वायरवाउंड रेझिस्टर नको, त्याचं स्वतःचं इंडक्टन्स आड येतं. अँटेना मात्र हौशी रेडिओचा परवाना मिळाल्यावरच जोडा.