७१ टक्क्यांवर

सांगलीत माझा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा धंदा आहे. लग्नं, बारशी, वास्तुशांती, निवडणुकीच्या हंगामात भावी नगरसेवकांचे वाढदिवस. त्या रविवारचं काम जरा वेगळं होतं. एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि संध्याकाळी सहाला हॉलमध्ये २२ मिनिटांची फिल्म दाखवायची होती. नातवंडांच्या मुलाखती, गावचं घर, जुने फोटो. शनिवारी रात्री एक्सपोर्टला, म्हणजे सगळं जोडून एक व्हिडिओ फाइल बनवायला, लावली आणि आडवा झालो.

सकाळी बघतो तर ७१ टक्क्यांवर लाल पट्टी. खाली दोनच शब्द: ‘अननोन एरर’. त्यालाच माहीत नाही तर मला कुठून कळणार!

मग प्रत्येक एडिटर करतो ते सगळं केलं. कॅशे, म्हणजे सॉफ्टवेअरनं साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स, रिकामा केला. सी ड्राइव्हवर ६ जीबी उरली होती, ती ८० केली. लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सरकवून टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. पुन्हा लावलं. पुन्हा ७१. ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरकडून फाइल बनवायला सांगितलं. त्यात पाऊण तास गेला आणि पुन्हा तिथंच. मित्राला फोन केला तर म्हणाला, “रॅम वाढव.” दुसरा म्हणाला, “विंडोज नव्यानं टाक.” रविवारी सकाळी साडेदहाला!

चहा घेताना डोक्यात आलं की हे दरवेळी एकाच जागी का मरतंय? मशीन तापून बंद पडत असतं तर कधी ५० वर पडलं असतं, कधी ९० वर. जागा हलत नाही म्हणजे दुखणं मशीनच्या तब्येतीत नाही, टाइमलाइनवर, म्हणजे फिल्मचे तुकडे ओळीनं मांडलेल्या पट्टीवर, त्या ठिकाणी काहीतरी बसलंय.

अंदाज सोडले आणि फिल्म कापायला घेतली. पहिली ११ मिनिटं एकटी एक्सपोर्ट केली, निघाली. उरलेली ११ अडकली. त्यांचे पुन्हा दोन भाग, त्यातल्या अडकणाऱ्याचे पुन्हा दोन. पाचव्या खेपेला पंधरा ते सोळा मिनिटांमधला तुकडा हातात राहिला. त्यात नऊ फोटो. एकेक बंद करून पाहिला. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो बंद केला की तुकडा निघायचा. तो चालू ठेवून त्याच्या पुढचा, मांडीवर पहिलं मूल घेतलेला, बंद केला तरी निघायचा. दोन्ही चालू ठेवले की मेलं. म्हणजे फोटो बिघडलेले नव्हते. एक विरघळून दुसरा उमटतो, ते दोन सेकंद बिघडलेले होते.

फोटोंची माहिती उघडली आणि कपाळाला हात लावला. दोन्ही दहा बाय आठ इंचांचे स्टुडिओतले फोटो, पुण्याच्या नातीनं मोठ्या मायेनं १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केलेले. म्हणजे ९६०० गुणिले १२०००, एकेका फोटोत ११ कोटी ५२ लाख ठिपके. फोल्डरमध्ये फाइल ४० एमबीचीच दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ती जेपीजीची घडी असते. काम करताना ती उलगडावी लागते. एक्सपोर्टला मी रंगांची सर्वांत बारीक प्रत निवडतो. त्यात एका ठिपक्याला १६ बाइट लागतात, म्हणजे एक फोटो ग्राफिक्स कार्डात १.८४ जीबी जागा घेऊन बसतो. दोन मिळून पावणेचार. माझं कार्ड ४ जीबीचं, आणि त्यात बाकीचा संसारही आहेच. सकाळी प्रोसेसरकडे दिलं होतं ते फक्त फाइल बांधायचं काम, फोटो एकमेकांत विरघळवायचं काम कार्डाकडेच राहिलं होतं. एडिट करताना हे कळलं नाही, कारण तेव्हा हलक्या प्रतीवर काम चालतं.

(छापील फोटोत ६०० डीपीआयच्या पुढं बहुतेक वेळा कागदाचे तंतूच तेवढे सापडतात. पण हे नातीला सांगायची हिंमत मला आजही नाही.)

फोटो लहान करायला उघडला आणि दोन मिनिटं त्यातच हरवलो. आजी नऊवारीत, कॅमेऱ्याकडं न बघता जमिनीकडं बघणाऱ्या. आजोबा ताठ, आणि कोटाच्या बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. उंच बाजू ४००० ठिपक्यांची ठेवली, १.८४ जीबीचे २०० एमबी झाले. दुसराही तसाच केला. पूर्ण फिल्म लावली. ७०, ७१, ७२. मी घरात एकटाच ओरडलो.

हॉलवरचं रामायण थोडक्यात सांगतो. फाइल ६.६ जीबीची, पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, त्यावर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केला तर हॉलचा टीव्ही तो ओळखेना. शेवटी एचडीएमआयची वायर लावून लॅपटॉपच जोडला. तोवर औक्षण उरकलं होतं.

पंधरावं मिनिट आलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. लग्नाचा फोटो आला, हळूच विरघळायला लागला, आणि पहिल्या रांगेतून आजींचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला:

“कोट ह्यांचा न्हाई, थोरल्या भावजींचा हाय!”