दिसला का?

परवा दुपारी आई मेथी निवडता निवडता समोरच्या काकूंना मसाई मारामधल्या बिबट्याची हकीकत सांगत होती. फांदीवर पोट टेकून तो कसा निवांत पडला होता, शेपटीचे टोक मध्येच कसे हलले आणि कवडसा पडताच त्याच्या मिशा कशा चमकल्या, हे सारे ती इतक्या रंगून सांगत होती की, काड्या पानांत पडू लागल्याचेही तिला भान नव्हते. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलो होतो, तो मिशांचा उल्लेख ऐकून उठून बसलो. कारण आमची गाडी त्या झाडापासून चांगली लांब उभी होती आणि आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन तेव्हा व्हायचे होते.

केनियातल्या या राखीव क्षेत्राचे क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे. ‘मारा’ या शब्दाचा मसाई लोकांच्या भाषेतला अर्थ ‘ठिपकेदार’ असा सांगतात. सपाट गवताळ माळावर झुडपांचे ठिपके दूरवर पसरलेले पाहिले की तो पटतोही. अशा ठिपक्यांच्या मुलखात ठिपक्यांचाच प्राणी हुडकायला आम्ही सहाजण निघालो होतो. जुन्नरकडच्या मामींना तर आमचा हा खटाटोपच कळला नव्हता. त्यांच्याकडे उसाच्या फडात बिबट्या दिसू नये म्हणून लोक जीव मुठीत धरून देवाला हात जोडतात आणि आम्ही तो दिसावा म्हणून विमानाचे तिकीट काढून निघालो होतो.

हत्ती, जिराफ, झेब्रे यांच्याबाबतीत प्रश्नच नव्हता. सेरेंगेटीतून माऱ्याकडे येणारी विल्डबीस्टची लाखोंची फौज कुणी बोटाने दाखवावी लागत नाही. सिंहही दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढत असल्यामुळे त्याला सावकाश न्याहाळता येते, दहा मिनिटे झाल्यावर बाबाच म्हणाले, “चला आता, झोपू दे बिचाऱ्याला.” बिबट्याचे मात्र तसे नसते. वायरलेसवर ‘चुई’ हा शब्द ऐकू आला, त्या स्वाहिली शब्दाचा अर्थ आमच्या चालकाच्या चेहऱ्यावरच उमटला आणि गाडी, जिला तोही ‘गारी’च म्हणत होता, उधळल्यासारखी सुटली.

झाडापाशी पोहोचल्यावर छत वर झाले. आईने सगळ्यांना सीटवर उभे राहण्याआधी बूट काढायला लावले. परमुलखातली आणि परक्याची असली तरी बसायची जागा ती बसायची जागा. त्यानंतर दुर्बिणीवरून जे व्हायचे ते झालेच. माणसे सहा आणि दुर्बीण एक. बाबांनी चष्मा वर सरकवून, चाक फिरवून ती आपल्या डोळ्यांना जमवून घेईपर्यंत मुलगा “आजोबा, द्या ना” म्हणू लागला, आणि ती त्याच्या हाती गेल्यावर सारे चाक पुन्हा पहिल्यापासून. ते झाडही नेमके किगेलियाचे निघाले. त्याची हातभर लांबीची फळे दोरीसारख्या देठांना लोंबत असतात, त्यामुळे फळ कुठले आणि शेपटी कुठली हे ठरवणे हीच एक परीक्षा. चालकाने आधी खोड दाखवले, मग खोडाची दुसरी फांदी, मग फांदीवरचा जाडसर भाग. आमच्याकडे यालाच अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात, हे त्याला सांगण्याची माझी फार इच्छा होती.

कारण ती अरुंधती मी अजून पाहिलेली नाही. मे महिन्यात गच्चीवर गाद्या पडल्या की आजोबा सप्तर्षी दाखवत. मग शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून ती बारीकशी अरुंधती. भावंडे एकापाठोपाठ एक “दिसली, दिसली” म्हणत सुटत, आणि सर्वांत शेवटी, आजोबांचा हात दुखू लागेल या धास्तीने, मीही “दिसली” म्हणत असे. पाचवीत मला चष्मा लागला तेव्हा आजोबा काहीच बोलले नाहीत, पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला एकट्याला अरुंधती पुन्हा दाखवली. तेव्हा आकाश ढगाळ होते. मी “दिसली” म्हणालो. पुढे लग्नात भरदुपारी गुरुजींनी कार्यालयाच्या पंख्याकडे बोट करून ध्रुव दाखवला, तोही मला एका दमात दिसला.

तर त्या झाडाखाली मुलाला बिबट्या दिसला, बायकोला दिसला, बाबांना दोनदा दिसला. आईने दुर्बीण डोळ्यांना लावली, क्षणभर गप्प राहिली आणि “अगं बाई, हो की!” म्हणाली. मागे आणखी गाड्या येऊन थांबल्या होत्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. समोर पाने होती, फळे होती, ऊन-सावली होती. मी म्हणालो, “दिसला.”

परवा मी बाहेर आलो तेव्हा आईने माझ्याकडे साक्षीसाठी पाहिले. मी मुलाने काढलेला फोटो फोनवर उघडून काकूंसमोर धरला. काकूंनी दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला आणि म्हणाल्या, “हो की हो, दिसला!” पण त्यांनी बोट ठेवले ती फांदी उजवीकडची होती. तिकडे त्या दिवशी चालकानेही पाहिले नव्हते, आणि आई तर खुशाल मान डोलावत होती.

मी चष्मा पुसला आणि फोन जवळ घेतला. तिथे काहीतरी ठिपकेदार होते खरे.