नायक की नाईक

२०२५ची १४ ऑगस्ट. लालबागच्या आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंधराला झेंडावंदन, सोळाला दहीहंडी, त्यामुळे मंडळांचे फ्लेक्स छतापर्यंत रचलेले. बाहेर धो धो पाऊस, पाइपांना मारलेला रेडऑक्साइड सकाळपासून चिकटच. त्यात ठेकेदाराचा फोन आला. "चौकाची पाटी आहे. उद्या साडेनऊला अनावरण. मजकूर व्हॉट्सॲपवर टाकलाय."

चौकाच्या पाट्या मी पंधरा-वीस वर्षं करतोय. जीआय पत्रा घ्यायचा, त्यावर निळं रेडियम चढवायचं, पांढरी अक्षरं प्लॉटरवर कापायची, नको तो भाग चिमट्याने सोलून काढायचा. खरं सांगायचं तर मजकूर मी वाचत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघतो. मजकुरात होतं 'शहीद', पुढे नाव, वडिलांचं नाव, मग 'नाईक चौक'. खाली माजी नगरसेवकांच्या प्रयत्नाने वगैरे, नेहमीप्रमाणे शहिदाच्या नावापेक्षा जरा ठसठशीत हवं. मार्च २०२२ पासून पालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. पाट्यांवरचे प्रयत्न मात्र थांबले नव्हते.

प्रूफ पाठवलं. तासाभरात एक तरुण आपल्या आजीला धरून दुकानात आला. आजी पंच्याहत्तरीच्या आसपासच्या, पदराने तोंड पुसत स्टुलावर बसल्या.

"बाळा, ही पाटी तू केलीस?"

"हो आजी."

"आमचं आडनाव नाईक न्हाई रं."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. त्यांचे मालक मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१च्या लढाईत गेले. हुद्दा नायक. लष्करात हुद्दा नावाच्या आधी लिहितात, तसाच तो घरच्यांनी अर्जात लिहिला होता. तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जाताना कुणाला तरी वाटलं, नायक म्हणजे नाईकच असणार. आडनाव आधी कसं, म्हणून ते शेवटी नेलं. मग एका माणसाला दोन आडनावं कशी, म्हणून खरं आडनाव उडवलं. हुद्दा गेला, आडनाव गेलं आणि पाटीवर तिसराच कुणी शहीद झाला.

आजींनी पिशवीतून लॅमिनेट केलेला पेन्शनचा कागद काढला. तो कॉम्प्युटरवर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. मग आपल्याच दंडावर दोन बोटं ओढली. "लान्स नायकाला एक फीत, नायकाला दोन. दुसरी फीत लागली तवा सुट्टीवर आलं व्हतं. गावभर हिंडलं त्याच शर्टात." आजी साताऱ्याकडच्या. आपशिंगे गावाच्या नावाला जिथे 'मिलिटरी' चिकटलंय आणि पहिल्या महायुद्धात त्या गावाचे ४६ जण कामी आले, त्या भागातल्या. तिकडे शेंबड्या पोरालाही नायक आणि हवालदार यातला फरक कळतो.

मी 'शहीद' शब्दाबद्दल विचारलं. एका माजी सैनिक गिऱ्हाइकाने मला सांगितलं होतं की २०२२मध्ये लष्करानेच हा शब्द टाळायला सांगितलाय. आजी म्हणाल्या, "ते तुमी काय बी लिवा. नायक पायजे."

ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मंजुरीच्या पत्रात हेच आहे. उद्या लागू दे, मग बघू."

या 'मग बघू'ची मला खात्री आहे. एकदा लागलेलं नाव सुटत नाही. कर्नाक हा १८३९ ते १८४१ असा जेमतेम दोन वर्षांचा मुंबईचा गव्हर्नर. त्याच्या नावाचा पूल १८६८मध्ये झाला, तो २०२२मध्ये पाडला आणि १० जुलै २०२५ला नवा पूल 'सिंदूर' नावाने खुला झाला. आमचा पोऱ्या मस्जिद बंदरला राहतो. त्याच पुलावरून येतो आणि अजून "कर्नाकवर ट्रॅफिक होतं" म्हणतो. चुकीची पाटी एकदा टांगली की पुढची पन्नास वर्षं तिथे नाईक.

तेवढ्यात नातू म्हणाला, "पार्ल्याच्या पुलाला कॅप्टन विनायक गोरेंचं नाव आहे. कॅप्टन कुणी आडनाव केलं का त्यांचं? नायक काय हलका हुद्दा झाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दुरुस्त केला. 'नायक' पहिल्या ओळीत, मोठा. त्याखाली पूर्ण नाव आडनावासकट. प्रयत्नवाल्यांची ओळ जरा बारीक झाली, जागाच उरली नाही. प्लॉटरने 'नायक' कापला, पोऱ्याने 'य'च्या पोटातला तुकडा उचलला, तोवर आजी हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता जाते."

रात्री अकराला ठेकेदार आला, शिव्या घातल्या, कुणा इंजिनिअरला उठवलं. त्याने बिचाऱ्याने अर्जाची प्रत शोधून बघितली. अर्जात नायकच होतं. "लावा, शुद्धिपत्रक काढतो," म्हणाला.

सकाळी पाहुणे सव्वाअकराला आले. पावसाने साटीनचा पडदा पाटीला असा चिकटला होता की छत्रीच्या दांड्याने ओढून काढावा लागला. आजी समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. भाषणं सुरू व्हायच्या आत निघूनही गेल्या.

शुद्धिपत्रक अजून आलेलं नाही. पाटीवर एक नाव आणि मंजुरीत दुसरं, म्हणून ठेकेदाराचं बिल अडकलंय आणि त्याच्या मागे माझं. परवा त्याचा फोन आला. "ते पहिलं डिझाइन आहे ना तुझ्याकडे? नाईकवालं? एक फोटो बनवून दे, पाटी लागल्यासारखा. फाईलला जोडायचाय."

डिझाइन आहे माझ्याकडे. दिलेलं नाही.