बर्फ किती पडला ते नको, पाणी किती ते सांग

मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी अमेरिकेतून ठाण्याला आले की नौपाड्यातल्या आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतो : "तुमच्याकडे बर्फ किती पडतो गं?" मी गुडघ्याशी हात नेते, मग कमरेशी नेते, पाहुण्यांचे समाधान होते आणि विषय आंब्यांच्या भावाकडे वळतो. समाधान होत नाही ते फक्त बाबांचे. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि निवृत्तीनंतर आजही जुलै महिन्यात वर्तमानपत्र उघडल्यावर ते आधी तानसा, भातसा आणि मोडकसागरच्या पातळीचे आकडे पाहतात. पहिल्याच वर्षी त्यांनी मला फोनवर थांबवले होते : "फुटांत सांगू नकोस. तो बर्फ वितळला तर पाणी किती होईल, ते सांग."

त्या वेळी मला उत्तर देता आले नव्हते. गेल्या आठ वर्षांत ते शोधता शोधता मी एका डोंगरी खिंडीच्या नादाला लागले आहे, आणि हा लेख तिच्याविषयीच आहे.

मी राहते त्या डेन्व्हर शहराची उंची १,६०९ मीटर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्याच्या किंचित खाली आमचे स्वयंपाकघर आहे, असे मी आईला सांगते तेव्हा तिला आमच्याकडे डाळ का शिजत नाही ते एकदाचे पटते. तिथून पश्चिमेला दीड तास गाडी चालवली की बर्थुड खिंड लागते. तिची उंची ११,३०७ फूट, म्हणजे जवळजवळ ३,४५० मीटर. हवेचा दाब तिथे समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो, त्यामुळे गाडीतून उतरून बुटांच्या नाड्या बांधल्या तरी पहिल्यांदा आलेल्याला धाप लागते. दीड तास हा अर्थात रस्ता मोकळा असतानाचा हिशेब झाला. शनिवारी सकाळी सगळे डेन्व्हर डोंगराकडे निघते, आणि घोडबंदर रस्त्यावर घडलेल्या माझ्यासारखीलाही तेव्हा संयम कमी पडतो.

खिंडीतून ४० क्रमांकाचा महामार्ग जातो. १९३७ मध्ये येथे स्कीइंगचे केंद्र सुरू झाले, या शतकाच्या सुरुवातीला ते बंद पडले आणि लोकांना वर नेणारे पाळणेही काढून टाकण्यात आले. आता माथ्यावर वाहनतळ आणि ऊब घेण्यापुरती एक छोटी इमारत आहे. लोक स्वतःच्या पायांनी वर चढतात, घसरत खाली रस्त्यावर येतात आणि येणाऱ्या गाडीला अंगठा दाखवून पुन्हा माथ्यावर जातात. मला स्कीइंग येत नाही. मी पायाला स्नोशूज, म्हणजे पसरट जाळीच्या चपला बांधून झाडीतून चालते. येऊरच्या पायवाटांवर वाढलेल्या मुलीला तेवढे पुरते.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याच माथ्यावर, झाडांमधल्या एका मोकळ्या जागी बसवलेले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने पश्चिमेकडच्या डोंगरांत अशी सुमारे नऊशे स्वयंचलित केंद्रे उभारली आहेत. जमिनीवर न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली एक मोठी चपटी उशी ठेवलेली असते, तिच्यावर बर्फ साचत जातो, आणि द्रवावर पडणाऱ्या दाबावरून त्या बर्फाचे वजन कळते. वजन कळले की पाणी कळले. जाडीचा भरवसा का नाही, तर थंडीच्या ऐन भरात पडलेला एक फूट भुसभुशीत बर्फ वितळून जेमतेम इंचभर पाणी देतो, आणि तोच बर्फ दबून, मुरून एप्रिलपर्यंत टिकला तर एका फुटात तीन-चार इंच पाणी असते. ही केंद्रे येण्यापूर्वी माणसे पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसत, आतल्या बर्फासह ती तराजूला टांगत आणि वहीत नोंद करत. ही नळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स चर्च यांनी घडवली, आणि ते नेव्हाडा विद्यापीठात लॅटिन शिकवत असत. हे ऐकून बाबा इतके खूश झाले की पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी ती गोष्ट ऐकवली. नळी टोचून जागोजागी मोजण्याचे काम आजही पूर्णपणे थांबलेले नाही.

रोज सकाळी या केंद्रांचे आकडे प्रसिद्ध होतात, आणि त्या तारखेला गेल्या काही दशकांत साधारणपणे जेवढे पाणी असते त्याच्या किती टक्के यंदा आहे, तेही दिले जाते. "हिमसाठा ७२ टक्के" असे वाचले की डेन्व्हरमधला माणूस बागेला पाणी घालण्याविषयी त्याच काळजीने बोलू लागतो, ज्या काळजीने आपण जुलैच्या पहिल्या आठवड्यात भातसाविषयी बोलतो. फरक इतकाच की आपला जलसाठा चार महिन्यांत कोसळून भरतो आणि भिंतीमागे दिसतो. तिथला सहा महिने गुपचूप डोंगरावर साचतो, त्याला भिंत नसते, आणि बहुधा एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला तो भरात येतो.

त्यातही बर्थुडची जागा पाहण्यासारखी आहे. ही खिंड खंडाच्या जलविभाजक रेषेवर बसली आहे. पूर्वेच्या उतारावरचे पाणी क्लिअर क्रीकमधून साउथ प्लॅट नदीला आणि शेवटी मिसिसिपीला मिळते, तर पश्चिमेचे पाणी फ्रेझर नदीतून कोलोराडो नदीत उतरते. माळशेज घाटात उभे राहून पावसात भिजलेल्याला हे चटकन कळेल, कारण तिथेही एका बाजूचा थेंब काळू नदीतून उल्हास खाडीकडे येतो आणि दुसऱ्या बाजूचा कुकडी, घोड, भीमा असा लांबचा वळसा घेत बंगालच्या उपसागराकडे निघतो. कोलोराडो राज्यात पाणी पश्चिमेला आणि माणसे पूर्वेला अशी विभागणी असल्यामुळे, खिंडीच्या उत्तरेला रेल्वेसाठी खोदलेल्या मोफॅट बोगद्याशेजारच्या लहान बोगद्यातून १९३६ पासून पश्चिमेचे पाणी डेन्व्हरकडे आणले जाते. बाबा यावर म्हणाले, "आम्ही कोयनेचे पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवले, तुम्ही नेमके उलटे केले."

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. बर्फ कमी तर धोका कमी, असा समज आमच्याकडे नवीन आलेल्या बहुतेकांचा असतो. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीपर्यंत माझाही होता. कोलोराडोत खरे तर उलटे घडते, आणि ते का घडते हे समजून घ्यायला शाळेतले भौतिकशास्त्र पुरते. साचलेल्या बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, कारण जमिनीतली ऊब बर्फाच्या पांघरुणाखाली अडकलेली असते. पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे वीस अंशांपर्यंत उतरतो. बर्फ दोन मीटर जाड असेल, तर तापमानातला हा फरक दर दहा सेंटिमीटरला एक अंश इतका पडतो. जाडी अर्धाच मीटर असेल, तर तोच फरक दर दहा सेंटिमीटरला चार अंशांवर जातो. फरक असा तीव्र झाला की तळातली वाफ झपाट्याने वर सरकते आणि कणांचा आकार बदलून टाकते. एकमेकांना धरून राहणाऱ्या बारीक कणांच्या जागी जाड्या साखरेसारखे, कोनदार, सुटे खडे तयार होतात. मुठीत घेऊन दाबले तर तूप कमी पडलेल्या रव्यासारखी त्यांची गत होते आणि लाडू काही वळत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडासा बर्फ पडून पुढे दोन-तीन आठवडे आकाश कोरडे राहिले, की हा साखरेचा थर तयार होतो आणि तळाशी महिनोन्महिने तसाच राहतो. जानेवारीत त्याच्यावर नवा बर्फ पडतो, माथ्यावरचा वारा तो थापून घट्ट करतो, आणि सुट्या खड्यांवर एक जडशीळ लादी टेकलेली असते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाचे वजनही ती लादी सोडवायला पुरेसे होते. म्हणूनच राज्याचे हिमस्खलन माहिती केंद्र रोज जे अंदाजपत्र काढते, त्यात आज किती बर्फ पडेल यापेक्षा खाली काय दबले आहे याचीच चर्चा अधिक असते. धोक्याच्या पाच पातळ्या असतात, आणि अनेक अपघात शेवटच्या दोन नव्हे तर मधल्या, नारिंगी रंगाच्या तिसऱ्या पातळीवर होतात. लाल रंग पाहून लोक घरी थांबतात, नारिंगीशी मात्र घासाघीस करतात.

त्या जानेवारीत आम्हीही तेच केले. मराठी मंडळातले एक दांपत्य बरोबर होते. तो मूळचा डोंबिवलीचा, सह्याद्रीतले बरेच किल्ले पालथे घातलेला. "यंदा बर्फच कुठे आहे? कसला धोका?" असे म्हणत तो पुढे निघाला. झाडीतल्या जवळजवळ सपाट जागेवर आम्ही पोहोचलो आणि पायाखालून "धप्प" असा दबका आवाज आला. पाठोपाठ आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसल्याचे जाणवले आणि आमच्या समोरून एक बारीक चीर सरसरत गेली. तळातला साखरेचा थर चेपल्याचा तो आवाज होता. सपाटीवर त्याने काही होत नाही, पण थर चेपण्याची ही लाट वरच्या उतारापर्यंत पोहोचली तर माणूस खाली उभा असतानाही बर्फाची लादी वरून सुटू शकते, आणि आमच्या डाव्या हाताला तसाच उतार होता. आमच्याकडे संकेत देणारे यंत्र, घडीची लांब काठी आणि फावडे हे तिन्ही होते. पण बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला साधारण पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच आशा असते, आणि आम्ही अवघे तिघे होतो. मागे फिरलो. दीड तास गाडी चालवून वीस मिनिटे चाललो, अशी त्याची कुरकुर पुढे गाडीत बराच वेळ चालू होती. मी त्याला थर्मासमधला चहा दिला आणि गप्प बसले.

या खिंडीत रस्त्यावरच्या माणसालाही बर्फ गाठतो. २००७ च्या जानेवारीत महामार्गावर कोसळलेल्या बर्फाने दोन गाड्या रस्त्याखाली ढकलल्या होत्या, आणि सुदैवाने सगळे वाचले. आता त्या उतारांवर मोठ्या वाकड्या नळ्या बसवल्या आहेत. त्यांत दुरून प्रोपेन आणि प्राणवायूचा स्फोट घडवून, वाहतूक थांबवून, बर्फ मुद्दाम आणि वेळेत पाडला जातो.

बाबांना मी दोन वर्षांपूर्वी त्या केंद्राचे आकडे फोनवर कसे पाहायचे ते शिकवले. आता त्यांच्या डायरीत भातसाच्या शेजारी बर्थुडचाही एक रकाना आहे. आज सकाळी मी गॅलरीत चहा घेत बसले होते, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि बाबा चष्मा वर करून म्हणाले, "काल पाऊण इंच पाणी उतरले. तुमच्याकडे चांगले ऊन पडलेले दिसते."