पाण्यावरचा धूर

४ डिसेंबर, रात्री उशिरा

संध्याकाळी भाचा गिटार घेऊन आला आणि चहा येण्याआधीच त्याने तो तुकडा वाजवून दाखवला, जो गिटार हाती घेतलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्या आठवड्यातच शिकतो. एकाच तारेवर शून्य, तीन, पाच. शून्य, तीन, सहा, पाच. "मामा, ओळखा," असे तो म्हणाला. ओळखायचे काय त्यात, 'स्मोक ऑन द वॉटर'! पण ज्या आगीवर हे गाणे रचले गेले, ती आजच्याच तारखेला लागली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. ते सांगता सांगता जेवणाची वेळ टळून गेली.

'डीप पर्पल' हे इंग्रज वाद्यवृंद १९७१ च्या डिसेंबरात नव्या तबकडीसाठी स्वित्झर्लंडमधील माँत्रो या गावी गेले होते. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचा तिथला कॅसिनो हिवाळ्यापुरता बंद झाला, की त्यातच ध्वनिमुद्रण करावे आणि बाहेर 'रोलिंग स्टोन्स' या दुसऱ्या वाद्यवृंदाचा भाड्याने घेतलेला फिरत्या स्टुडिओचा ट्रक उभा करावा, असा बेत होता. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम अमेरिकन संगीतकार फ्रँक झापा आणि त्याच्या 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाचा होता आणि पर्पलची मंडळीही तो ऐकायला गेली होती. कार्यक्रम रंगात असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी संकटाच्या वेळी इशाऱ्याची ज्योत उडवायचे पिस्तूल छताकडे झाडले. छताने पेट घेतला आणि बघता बघता कॅसिनो जळून खाक झाला. माँत्रोचा जॅझ महोत्सव सुरू करणारे क्लोद नोब्स आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढत होते. प्राणहानी झाली नाही, हे केवढे नशीब. झापाचे मात्र सगळे साहित्य गेले आणि त्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, लंडनमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली ढकलून जबर जखमी केले. एका माणसाच्या एका आठवड्यात किती मावावे!

आता वाजवायचे कुठे, हा पर्पलपुढचा प्रश्न होता. नोब्स यांच्या मदतीने गावातले 'पॅव्हिलियन' नावाचे नाट्यगृह मिळाले. गिटारवादक रिची ब्लॅकमोरला सुचलेल्या त्या चार सुरांच्या तुकड्यावर रात्री काम सुरू झाले, पण आवाज एवढा मोठा, की शेजारपाजारच्या तक्रारींवरून पोलीस दारात येऊन उभे राहिले. वाद्यवृंदाच्या कामगारांनी आतून दारे दाबून धरली आणि तेवढ्या वेळात वादन पुरे झाले. तेव्हा ना शब्द होते, ना नाव. ती जागा सोडावी लागली आणि हिवाळ्यामुळे ओस पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या थंडगार बोळात, भिंतींना गाद्या टेकवून, बाकीची तबकडी तयार झाली. ट्रकपर्यंत जाऊन ऐकायचे म्हणजे खोल्या आणि गॅलऱ्या ओलांडत एवढा वळसा पडे, की मंडळींनी ते ऐकणेच सोडून दिले!

शब्द शेवटी आले. आगीनंतर काही दिवसांनी बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा होताना 'स्मोक ऑन द वॉटर' असे पुटपुटला. सरोवरावर पसरलेला धूर त्याच्या डोळ्यांसमोर होताच. नाव ऐकून हे नशेचे गाणे वाटेल, अशी शंका आली. पण तबकडीला एक गाणे कमी पडत होते, म्हणून पॅव्हिलियनमधला तो तुकडा बाहेर निघाला आणि गायक इयान गिलनने घडले तसे लिहून गायले. मला या गाण्याचे अप्रूप वाटते ते इथेच. त्यात ना प्रेम, ना बंड, ना रूपक. गावाचे नाव, कार्यक्रम कोणाचा होता, आग कशी लागली, मुलांना कोणी बाहेर काढले, मग आम्ही कुठे राहिलो, हे सगळे एखाद्याने रात्री वहीत उतरवावे तसे क्रमाने येते. ही शुद्ध रोजनिशीच आहे. 'पाण्यावरचा धूर' हे शब्दही कवितेसारखे वाटतात खरे, पण खिडकीतून दिसलेल्या गोष्टीची ती नोंद आहे, एवढेच.

गंमत अशी, की १९७२ मध्ये 'मशीन हेड' ही तबकडी आली तेव्हा सुट्या तबकडीसाठी दुसरेच गाणे निवडले गेले. हे गाणे सुटे आले १९७३ मध्ये आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या स्थानापर्यंत गेले.

भाचा एकेक सूर वाजवतो, तिथेच त्याचे चुकते. ब्लॅकमोर दोन तारा एकदम बोटांनी ओढतो आणि त्या दोन सुरांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. तो भरीव, जरासा उग्र नाद तिथून येतो. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गनही गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून काढल्यामुळे तसाच खरखरीत होऊन त्यात मिसळतो. हे पटवायला मी बाबांची पेटी काढली. सा, कोमल गंधार, मध्यम. पुन्हा सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि लगेच शुद्ध. दोन मध्यम असे एकाला एक लागून ललित रागात ऐकायची सवय असलेल्या माझ्या कानाला ते ओळखीचे वाटले. प्रत्येक सुराखाली मंद्रातला जोडीदार सूर दाबताच भाच्याने मान वर केली आणि गिटारवर त्या दोन तारा चाचपू लागला.

पेटी आणि गिटार मिळून दहावी की अकरावी फेरी चालली असताना वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फरशीवर काठी आपटली. भाचा थांबला. मी उठून दार लावून घेतले आणि एवढी एक फेरी पुरी कर, असे त्याला सांगितले.