आमची वाटचाल: सुरक्षितता आणि ईएमसी एकाच छताखाली

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील आमची छोटी संस्था इलेक्ट्रॉनिक उपकरणांची विद्युत सुरक्षितता आणि विद्युतचुंबकीय सुसंगतता, म्हणजे या व्यवसायातील सगळे जण जिला नुसते ईएमसी म्हणतात ती, तपासून देते. उपकरणाने आसपासच्या उपकरणांना विद्युत त्रास देऊ नये आणि स्वतःही अशा त्रासाने बिघडू नये, हा तिचा अर्थ. पंपाचे ऑटो स्टार्टर, ठिबकचे आणि खत सोडण्याचे कंट्रोलर, केळी पिकवण्याच्या चेंबरचे तापमान नियंत्रक, शेताच्या कुंपणाच्या तारेत झटके सोडणारी झटका मशीन, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, डाळ मिलच्या पॅनेलमधील कार्डे अशी खानदेशात बनणारी किंवा जुळवली जाणारी उपकरणे आमच्याकडे येतात. प्रमाणपत्र देण्याचे काम अधिमान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे आहे आणि ते त्यांचेच राहिले पाहिजे. उपकरण त्या प्रयोगशाळेत नेण्याआधी त्यातील उणिवा शोधणे आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या दूर करून पाहणे, हे आमचे काम आहे.

या कामाकडे मी दुरुस्तीच्या वाटेने आलो. स्टार्टर आणि सौर पंपांच्या कंट्रोलरची कार्डे दुरुस्त करताना दर पावसाळ्यात तेच भाग जळालेले दिसत. त्यात जादा व्होल्टेज शोषून घेणारा इनपुटचा व्हॅरिस्टर फुटलेला, त्याशेजारचा ट्रॅक उडालेला, कधी रिलेच्या संपर्कापासून कमी व्होल्टेजच्या भागापर्यंत ओलसर धुळीवरून ठिणगी धावल्याची काळी रेघ. भाग बदलून कार्ड चालू करून देता येत होते, पण बिघाडाचे मूळ रचनेत होते आणि रचना करणाऱ्याला ते दाखवण्याचे साधन आमच्या जिल्ह्यात नव्हते. ज्यांना खरोखर तपासणी करून घ्यायची होती त्यांना मुंबईची ईआरटीएल किंवा समीर, नाहीतर पुण्याची एआरएआय अशी मोठी चाचणी संस्था गाठावी लागे. या संस्था उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु तेथे वेळ आधी ठरवून मिळतो आणि त्या वेळेपुरतेच पैसे भरलेले असतात. उपकरण पहिल्या तासात नापास झाले, तर सोल्डरिंग आयर्न आणि सुटे भाग घेऊन तेथेच प्रयोग करत बसण्याची सोय लहान उद्योजकाला क्वचितच मिळते. रात्रीच्या गाडीने परत यायचे, अंदाजाने दोन बदल करायचे आणि पुन्हा तारीख मागायची, असा तो फेरा असे.

2012 मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आणि माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. सुरुवातीला त्यात 15 प्रकारच्या वस्तू होत्या आणि पुढे एलईडी दिव्यांसारख्या वस्तूंची भर पडत गेली. भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी नसलेला अडॅप्टर विकता येणार नाही, हे समजल्यावर आमच्या भागातील जुळणी करणाऱ्यांनी प्रथमच आयएस 13252 या सुरक्षितता मानकाचे नाव ऐकले. या आदेशामुळे तपासणीचा विषय कारखान्यापर्यंत पोहोचला, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची असल्यामुळे ईएमसी हा निर्यात करणाऱ्यांचा विषय आहे, असा समजही त्याच काळात पक्का झाला. युरोपात माल पाठवणाऱ्याला सीई या तिथल्या सक्तीच्या चिन्हासाठी सुरक्षितता आणि ईएमसी या दोन्ही बाजू सिद्ध कराव्या लागतात. यावल-रावेरच्या शेतात बसणाऱ्या कंट्रोलरला तसे कोणी विचारत नाही. शेतातील विजेला मात्र हा फरक कळत नाही, हे पटवून देण्यात आमची पहिली वर्षे गेली.

सुरुवात आम्ही सुरक्षिततेच्या साधनांनी केली: हाय व्होल्टेज टेस्टर, 500 व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, अर्थ कंटिन्युइटी, म्हणजे अर्थची जोडणी अखंड आहे का, हे मोजण्याचे यंत्र, गळतीचा प्रवाह मोजणारा लीकेज मीटर आणि मानकात दिलेल्या मापाचे सांधेदार चाचणी-बोट. अर्थ कंटिन्युइटीच्या चाचणीत उपकरणाची धातूची बॉडी आणि प्लगची अर्थ पिन यांच्यामधून 25 अँपिअरपर्यंतचा प्रवाह सोडतात आणि घरगुती उपकरणांच्या मानकाप्रमाणे रोध 0.1 ओहमच्या आत आहे ना, हे पाहतात. साधा मल्टिमीटर येथे फसवतो, कारण शेवटचा एक तंतू शिल्लक राहिलेली वायरही त्याला चांगलीच दिसते. ही चाचणी आम्ही फार गांभीर्याने घेतो. खानदेशातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचे राहून जाते आणि डीपीपासून लांब असलेल्या विहिरीवर अर्थिंग कागदापुरतेच उरते. शेतीचा वीजपुरवठा पाळीने आणि बऱ्याचदा रात्री मिळत असल्यामुळे ओल्या हातांनी, बॅटरीच्या उजेडात स्टार्टरला हात लावणारा माणूस आमच्यासाठी कल्पनेतला नाही. बाहेरचे अर्थिंग आमच्या हातात नाही; पेटीच्या आतले इन्सुलेशन, क्लिअरन्स (भागांमधील हवेतले अंतर) आणि क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) मात्र बनवणाऱ्याच्या हातात असते.

ईएमसीची साधने टप्प्याटप्प्याने आली. खोलीच्या जमिनीवर आणि एका भिंतीवर धातूचे पत्रे जोडून घेतले, 80 सेंटिमीटर उंचीचे लाकडी टेबल केले, वीजपुरवठा आणि उपकरण यांच्यामध्ये जोडायचे लिसन हे मोजणीचे साधन घेतले. उपकरण मुख्य लाइनमध्ये परत किती उच्च वारंवारतेचा गोंगाट सोडते, ते 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लिसनच्या मदतीने मोजता येते. त्यानंतर स्थिर विद्युतची गन, वायरवर वेगवान स्पंदने सोडणारा बर्स्ट आणि मोठ्या ऊर्जेचा धक्का देणारा सर्ज जनरेटर घेतले. कर्जाचा मोठा भाग याच यंत्रांवर गेला आणि तो योग्य ठिकाणी गेला, असे मी आजही म्हणेन.

बर्स्ट चाचणीने आमच्याकडील सर्वांत जास्त रचना बदलायला लावल्या आहेत. काँटॅक्टर उघडतो तेव्हा त्याच्या कॉइलमुळे वायरवर अतिशय वेगवान स्पंदनांची माळ उठते आणि प्रयोगशाळेत तिचीच नक्कल केली जाते: 5 किलोहर्ट्झला 75 स्पंदनांचा 15 मिलिसेकंदांचा झोत, दर 300 मिलिसेकंदांनी. औद्योगिक वातावरणाच्या सर्वसाधारण मानकात पुरवठ्याच्या वायरवर 2 किलोव्होल्ट आणि सिग्नलच्या वायरवर 1 किलोव्होल्ट ही पातळी आहे. खत सोडण्याच्या कंट्रोलरचे एक अनुभवी निर्माते आपले उपकरण घेऊन आले होते. पुरवठ्याच्या वायरवर ते टिकले. पण सेन्सरची वायर स्पंदने उतरवणाऱ्या क्लॅम्पमध्ये ठेवून 1 किलोव्होल्ट सोडताच पडद्यावरील आकडे गोठले आणि व्हॉल्व्हचा रिले चालू अवस्थेतच राहिला. ते म्हणाले, “भाऊ, शेतात हे कधी अडकलं नाही, तुमच्याच टेबलावर कसं अडकतं?” मी त्यांना विचारले की, रात्रभर व्हॉल्व्ह उघडा राहिल्याची एकही तक्रार आली नाही का. थोडा विचार करून ते म्हणाले, “येते, पण तो व्हॉल्व्हचा दोष समजून आम्ही व्हॉल्व्ह बदलून देतो.”

कार्ड उघडल्यावर कारण दिसले. सेन्सर वायरचे शील्ड, म्हणजे तिच्यावरचे धातूचे आवरण, पेटीच्या तोंडाशी न बांधता लांब तारेने आतल्या अर्थ टर्मिनलपर्यंत नेलेले होते आणि त्या तारेच्या अगदी खालून मायक्रोकंट्रोलरच्या रीसेटचा ट्रॅक जात होता. वायर आत शिरते तेथेच शील्ड क्लॅम्पने पेटीला दाबून बसवले, रीसेट पिनच्या लगत 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, काँटॅक्टरच्या कॉइलला तिची स्पंदने दाबणारा आरसी स्नबर जोडला. एवढ्याने गोठणे थांबले. त्यापुढे जाऊन प्रोग्राममध्ये वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकल्यास तो आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय, चालू करवून घेतला आणि पुन्हा सुरू होताना कंट्रोलरने आधी सगळे व्हॉल्व्ह बंद करावेत, असा बदल करवून घेतला. चाचणीत उपकरणाला क्षणभर अडखळण्याची मुभा असू शकते. स्वतःहून सावरले तर तो बी निकष, माणसाने बंद-चालू करावे लागले तर सी. निर्जन शेतात बंद-चालू करायला माणूस नसतो, म्हणून शेतीच्या उपकरणांना सी निकष स्वीकारू नये, असा आमचा आग्रह असतो.

दोन्ही तपासण्या एकाच छताखाली का हव्यात, हे मला सर्वांत स्पष्टपणे दिसले ते केळी आणि भाज्या सुकवण्याच्या एका घरगुती यंत्रामुळे. त्यातील एसएमपीएसचा, म्हणजे वेगाने चालू-बंद होऊन वीज बदलणाऱ्या पुरवठा-सर्किटचा, गोंगाट मर्यादेच्या बाहेर होता. 500 किलोहर्ट्झ ते 5 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात क्वासी-पीक या मोजणीच्या पद्धतीने मर्यादा 56 डीबी मायक्रोव्होल्ट असते आणि यंत्र तिच्या बरेच वर जात होते. रचनाकाराने फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील वाय कपॅसिटर 2.2 नॅनोफॅरडवरून 22 नॅनोफॅरडवर नेले. आलेख लगेच मर्यादेखाली आला आणि सगळ्यांना हायसे वाटले. त्याच टेबलावर आम्ही लीकेज मीटर लावला. 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झला 22 नॅनोफॅरडमधून सुमारे 1.6 मिलिअँपिअर वाहतात, तर अर्थिंग असलेल्या आणि उचलून नेता येणाऱ्या घरगुती उपकरणासाठी मर्यादा 0.75 मिलिअँपिअर आहे. हीटरची स्वतःची गळती त्यात आणखी भर घालते, विशेषतः पावसाळ्यात बंद ठेवलेल्या हीटरने ओलावा धरला असेल तेव्हा. अर्थची वायर तुटली, तर हा सगळा प्रवाह बॉडीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जायला मोकळा होतो.

ईएमसीची तपासणी एका गावात आणि सुरक्षिततेची दुसऱ्या गावात झाली असती, तर पहिल्या अहवालावर उत्तीर्ण असा शेरा पडला असता आणि दुसऱ्या ठिकाणी कदाचित जुना नमुना गेला असता. आम्ही वाय कपॅसिटर परत 2.2 नॅनोफॅरडचे केले, दोन्ही वायरवर एकत्र येणारा गोंगाट अडवणारा, जास्त इंडक्टन्सचा कॉमन मोड चोक घेतला, ट्रान्सफॉर्मरमध्ये प्राथमिक आणि दुय्यम गुंडाळीमध्ये शील्डचा थर घालून घेतला आणि इनपुटची वायर स्विचिंगच्या भागापासून दूर वळवली. मग शील्डच्या थरामुळे ट्रान्सफॉर्मरमधील इन्सुलेशनचे अंतर कमी झाले नाही ना, हे पाहण्यासाठी हाय व्होल्टेज चाचणी पुन्हा केली. गोंगाटावरचा प्रत्येक उपाय सुरक्षिततेच्या बाजूने पुन्हा तपासायचा, आणि सुरक्षिततेसाठी केलेला प्रत्येक बदल गोंगाटाच्या बाजूने, ही शिस्त तेव्हापासून आमच्या प्रत्येक कामाच्या पत्रकावर छापलेली आहे.

झटका मशीनबद्दल थोडे कडक लिहावे लागेल. रानडुकरे आणि नीलगायींमुळे शेतकरी खरोखर हैराण आहेत, म्हणून या यंत्रांना मोठी मागणी आहे. त्यांच्यासाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे 60335-2-76 हे स्वतंत्र मानक आहे: 500 ओहमच्या भारात एका झटक्याची ऊर्जा 5 ज्यूलपेक्षा जास्त नसावी आणि दोन झटक्यांमध्ये निदान एका सेकंदाचे अंतर असावे, कारण त्या अंतरातच माणसाला किंवा जनावराला तारेपासून सुटता येते. आमच्याकडे येणाऱ्या यंत्रांत अधिक जोरदार झटका ही विक्रीची बाब समजून कपॅसिटर वाढवलेले आढळतात. अशा यंत्राचा अहवाल आम्ही कोणत्याही शब्दांत मवाळ करून देत नाही. मुख्य वीज आणि कुंपण यांच्यामधील इन्सुलेशन ज्यात समाधानकारक नाही, ते यंत्र दुरुस्त केल्याशिवाय बाहेर विकू नये, असे लेखी कळवतो. काही ग्राहक यामुळे आमच्याकडे यायचे थांबले.

उन्हाचा मुद्दाही मानक वाचून सुटत नाही. मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांसाठी असलेले आयईसी 61010-1 सर्वसाधारणपणे 5 ते 40 अंश सेल्सिअस इतके भोवतालचे तापमान गृहीत धरते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो आणि पत्र्याच्या पेटीत, उन्हात टांगलेल्या स्टार्टरच्या आत त्याहून बरेच अधिक असते. म्हणून निर्मात्याने स्वतःच 55 अंशांची मर्यादा जाहीर करावी आणि तापमानवाढीची चाचणी त्या हिशेबाने व्हावी, असे आम्ही सुचवतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंशांना साधारण निम्मे होते, हा ढोबळ नियम समोर ठेवला की 85 अंशांच्या कपॅसिटरऐवजी 105 अंशांचा घेण्याचा खर्च ग्राहकाला पटतो.

हवेतून होणारे उत्सर्जन, म्हणजे 30 मेगाहर्ट्झच्या वरचे मोजमाप, आम्ही मानकाप्रमाणे करू शकत नाही. त्यासाठी सेमी-अ‍ॅनेकॉइक चेंबर (रेडिओ लहरी शोषणाऱ्या भिंतींची बंद खोली) लागतो आणि तो आमच्या आवाक्याबाहेर आहे. निअर फिल्ड प्रोबने, म्हणजे कार्डाच्या अगदी जवळ धरायच्या छोट्या अँटेनाने, कार्डावरचे गोंगाटाचे ठिकाण शोधून देतो, उपाय लावून पाहतो आणि मग ग्राहकासोबत आमचा माणूस मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो. आमच्या अहवालावर ही पूर्वतपासणी आहे, असे ठळक छापलेले असते. सुरक्षिततेच्या चाचण्यांपुरती आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची अधिमान्यता घेण्याची तयारी आता सुरू आहे. उपकरणांचे कॅलिब्रेशन, मापनातील अनिश्चिततेचा हिशेब आणि प्रत्येक नोंदीचा माग यांचे काम आमच्याकडे तंत्रनिकेतनातून आलेली स्थानिक मुले-मुली मोठ्या चिकाटीने करत आहेत.

नव्याने येणाऱ्या उद्योजकांना आमची विनंती आहे की, माल तयार झाल्यावर न येता पहिले कार्ड चालू झाले की यावे. येताना निदान दोन नमुने, सर्किट आकृती, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा तपशील आणि सुट्या भागांची यादी आणावी. त्या यादीत एक्स व वाय कपॅसिटर, फ्यूज, रिले आणि ऑप्टोकपलर (दोन भाग विजेने वेगळे ठेवून प्रकाशाने सिग्नल पोहोचवणारा भाग) यांची कंपनी आणि मॉडेल लिहिलेले असावे, कारण यांपैकी एखादा भाग उत्पादनात बदलला तर आधीची चाचणी त्या मालाला लागू राहत नाही. उपकरण शेतात जाणार असेल तर तेथे प्रत्यक्ष वापरली जाईल तेवढी लांब सेन्सर वायरही सोबत आणावी. टेबलावर एक मीटरच्या वायरने उत्तीर्ण झालेला कंट्रोलर पन्नास मीटरच्या वायरने वेगळा वागू शकतो.