तासाला अडीच पेन्स : मेरी मॅकार्थर आणि क्रॅडली हीथच्या साखळीवाल्या

आम्ही राहतो त्या बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला ‘ब्लॅक कंट्री’ नावाचा पट्टा आहे. कोळसा, लोखंड आणि भट्ट्यांचा धूर यांनी काळवंडलेला म्हणून हे नाव, असं सांगतात. टायटॅनिकचा मोठा नांगर इथल्या नेदर्टनमध्ये घडला, हे इथली माणसं आजही अभिमानाने सांगतात. मला मात्र त्या नांगरापेक्षा शेजारच्या क्रॅडली हीथमधल्या बायका मोठ्या वाटतात. घरामागच्या खोपटात भट्टी पेटवून त्या हाताने साखळ्या घडवायच्या.

डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये हे काम अजून करून दाखवतात. एका हाताने भाता हलवत सळई पांढरीफटक होईपर्यंत तापवायची, वाकवायची, तोडायची, आधीच्या कडीत ओवायची आणि थंड व्हायच्या आत दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून हातोड्याने सांधायची. झाली एक कडी. ठिणग्या अंगावर येतात, दोन कड्या बघेपर्यंत आपल्याला घाम फुटतो. त्या बायका हे दिवसभर करत, तान्ही मुलं भट्टीपासून चार हातांवर ठेवून. मजुरी तासावर नव्हे, साखळीच्या वजनावर. बऱ्याच जणींना लोखंड द्यायला आणि माल न्यायला मध्यस्थ असे, तो आपला वाटा काढून घेई. आठवडाभर राबून हातात पाच-सहा शिलिंग (तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग) पडले तरी खूप.

मी सोलापूरची. शेजारच्या काकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि संध्याकाळी कारखान्याच्या ब्रांचवर माल दिला की छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघाली यावर त्यांचा चेहरा ठरायचा. त्यामुळे घरबसल्या कामात दराचा आवाज किती दबतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येक बाई आपापल्या उंबऱ्याआड एकटी. शेजारणीला काय मिळालं ते विचारायचीही चोरी.

या एकटेपणावर ज्या बाईने घाव घातला ती मेरी मॅकार्थर. जन्म ग्लासगोचा, १८८० चा. वडिलांचं कापडाचं दुकान, घरचं वातावरण हुजूर पक्षाचं. पुढे कुटुंब एअर गावी आलं. तिथे १९०१ मध्ये दुकानातल्या नोकरांच्या युनियनची सभा होती. स्थानिक वर्तमानपत्रात त्यावर टीका लिहायची म्हणून ती गेली, आणि भाषण ऐकून युनियनचीच झाली. मालकाची मुलगी नोकरांच्या बाजूला गेल्यावर घरात काय झालं असेल, कल्पना करा. १९०३ मध्ये ती लंडनला जाऊन विमेन्स ट्रेड युनियन लीगची सचिव झाली, १९०६ मध्ये तिने नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन वर्कर्स उभं केलं. बायकांना मजुरी कमी कारण त्या संघटित नाहीत, आणि त्या संघटित नाहीत कारण मजुरी कमी, असं ती म्हणायची. पोट मारून वर्गणी कोण देणार? आपल्याकडची काटक्यांच्या मोळीची गोष्टही ती सभांमधून सांगायची.

तिच्यासारख्यांच्या रेट्यामुळे १९०९ मध्ये ट्रेड बोर्ड्स कायदा झाला, म्हणजे ठरावीक धंद्यांत किमान मजुरी ठरवणारी मंडळं आली. सुरुवातीला चारच धंदे त्याखाली आले : तयार कपडे, कागदी खोकी, लेस आणि साखळी. साखळीच्या बोर्डाने बायकांसाठी तासाला अडीच पेन्स दर ठरवला. ५४ तासांच्या आठवड्याचे ११ शिलिंग ३ पेन्स, म्हणजे कित्येकींच्या मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट.

पण कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने स्वतः लिहून दिलं तर सहा महिने जुनाच दर चालणार होता. मालकांनी लगेच कागद पुढे केले. अनेकींना वाचता येत नव्हतं, त्यांनी सही म्हणून फुली मारली. त्या सहा महिन्यांत स्वस्तातला माल साठवून ठेवला की पुढे कामच कमी द्यायचं, हा डाव उघड होता. मेरीचं मोठेपण मला इथे दिसतं. कायदा झाला म्हणून ती हारतुरे घेत बसली नाही. बायकांनी सही नाकारायची तर तोवर चूल कशावर पेटणार, हा खरा प्रश्न तिने ओळखला.

ऑगस्ट १९१० च्या अखेरीस सुमारे ८०० बायका कामाबाहेर पडल्या. मेरीने निधी उभा करायला जग हलवलं. वर्तमानपत्रांना मजकूर पुरवला, ७९ वर्षांच्या पेशन्स राउंडसारख्या म्हाताऱ्या बायकांना फोटोत पुढे बसवलं. पाथे या बातमीपट काढणाऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याने मोर्चा टिपला आणि तो चित्रपटगृहांतून लोकांनी पाहिला. १९१० साली! निधी जवळजवळ ४,००० पौंडांवर गेला. २२ ऑक्टोबरला शेवटच्या मालकाने अडीच पेन्सवर सही केली. या वेळी सही करायची पाळी त्याची होती.

उरलेल्या पैशांतून बायकांनी गावात कामगारांसाठी इमारत बांधली, १९१२ मध्ये ती उघडली. रस्त्यासाठी ती पाडायची वेळ आली तेव्हा वीट न् वीट सोडवून तीच इमारत डडलीच्या म्युझियममध्ये पुन्हा उभी केली. आत गेलात तर घाई करू नका.

मेरीच्या वाट्याला पुढे फार सुख आलं नाही. १९११ मध्ये मजूर पक्षाचे विल अँडरसन यांच्याशी लग्न झालं. पहिलं मूल जन्मताच गेलं, नंतर मुलगी झाली. १९१८ च्या निवडणुकीत, बायकांना पहिल्यांदा उभं राहता आलं तेव्हा, ती क्रॅडली हीथला लागून असलेल्या स्टोअरब्रिजमधून लढली. सगळा भाग तिला मेरी मॅकार्थर म्हणून ओळखत होता, पण निवडणूक अधिकाऱ्याने मतपत्रिकेवर ‘मिसेस डब्ल्यू. सी. अँडरसन’ हेच नाव असलं पाहिजे असा हट्ट धरला. ती हरली. हे वाचताना माझं डोकं अजून तापतं. पुढच्याच वर्षी फ्लूच्या साथीत नवरा गेला, आणि १ जानेवारी १९२१ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली.

आपल्याकडे किमान वेतन कायदा १९४८ मध्ये झाला. तिथेही दर कागदावर येणं आणि बाईच्या हातात पडणं यांतलं अंतर चालायला युनियनच लागली, हे सोलापुरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मुलांकडे बर्मिंगहॅमला येणारे आईबाबा बहुतेक स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर बघून परततात. एक दिवस डडलीसाठी ठेवा. स्नो हिल स्टेशनवरून क्रॅडली हीथलाही थेट गाडी आहे. स्टेशनपासून थोडं चाललं की मेरी मॅकार्थर गार्डन्स लागतं, आणि तिथे साखळी घडवणाऱ्या बाईचा पुतळा आहे.